पोरं किती हलतात, हे कागदावर कसं मोजतात?

गेल्या महिन्यात नववीतली भाची जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म पसरून बसली होती. मी शेजारी मेथी निवडत होते.

"आत्या, क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे काय गं?"

"पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात ते. 'नाही'वर खूण कर."

"आणि आइस हॉकी?"

"तेही नाहीच."

"मग कबड्डी कुठेय?"

कबड्डी कुठेच नव्हती. खो-खो, लंगडी, लगोरी तर सोडाच, क्रिकेटसुद्धा नव्हतं. बेसबॉल मात्र होता. यादीच्या शेवटी 'इतर' म्हणून रिकामी जागा होती, तिथे तिने बारीक अक्षरात कबड्डी कोंबली. पोरगी आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी दीड तास मैदानावर असते. गुडघे कायम सोललेले.

फिजिओथेरपी शिकणाऱ्या कुणा मुलीच्या प्रबंधासाठी हा फॉर्म वर्गात वाटला होता. मूळ प्रश्नावली कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठातल्या संशोधकांची. तिथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर आइस हॉकी खेळतात, आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळतात तशी. फॉर्म फुकट मिळतो, दहा मिनिटांत भरून होतो, म्हणून जगभर वापरला जातो. असे फॉर्म गोळा होतात, त्यांची बेरीज होते, आणि एक दिवस पेपरात मथळा येतो: 'दहापैकी आठ मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत.' घरोघरी मोबाइलला शिव्या बसतात.

मोबाइलचं काय करायचं ते करा. पण हा आकडा येतो कुठून, ते एकदा बघू.

## मोजायचं नेमकं काय?

'शारीरिक हालचाल' म्हणजे व्यायाम एवढंच नव्हे. शाळेत चालत जाणं, सायकल मारणं, झाडावर चढणं, वरातीत नाचणं, सगळं त्यात येतं. ही हालचाल वेगळी आणि अंगातली क्षमता वेगळी. सहाशे मीटर किती वेळात पळतो, जोर किती मारतो ही क्षमता. ती मैदानावर स्टॉपवॉच लावून मोजता येते. हालचाल म्हणजे रोजची सवय, आणि सवय कुणाच्या नजरेसमोर घडत नाही. सगळी अडचण इथे सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा: ५ ते १७ वयोगटातल्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी. मध्यम म्हणजे दम इतका लागतो, की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोरकस म्हणजे दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं.

## मोजायच्या वाटा

सगळ्यात पक्की वाट महाग आणि जरा विचित्र आहे. मुलाला खास पाणी प्यायला देतात. त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड प्रकारचे असतात. पुढचे आठ-पंधरा दिवस लघवीचे नमुने घेतात. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटे जातो. जड ऑक्सिजन पाण्यावाटे जातोच, शिवाय श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. दोघांच्या बाहेर पडण्याच्या वेगातल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि त्यावरून शरीराने किती ऊर्जा जाळली, हे काढता येतं. पण हे घरातल्या वीजमीटरसारखं आहे. महिन्याचे युनिट कळतात. पंखा किती चालला नि गिझर किती, ते कळत नाही. शिवाय हजारो मुलांना असं पाणी पाजणं खिशाला परवडणारं नाही.

दुसरी वाट यंत्राची. कमरेला किंवा मनगटाला काडेपेटीएवढा अ‍ॅक्सेलरोमीटर बांधायचा. शरीराला बसणारे हिसके तो सेकंदासेकंदाला नोंदवतो. मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते, तीही अशाच चिपमुळे.

तिसरी वाट म्हणजे सरळ विचारायचं. देशोदेशींचे मोठे सर्व्हे आजवर प्रामुख्याने हेच करत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय सर्व्हेमधला मुख्य प्रश्न जेमतेम एका ओळीचा आहे: मागच्या सात दिवसांत किती दिवस तू एकूण ६० मिनिटं किंवा जास्त हालचाल केलीस? उत्तर शून्य ते सात. युरोप आणि कॅनडातही ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना दर चार वर्षांनी साधारण असंच विचारतात.

## भाचीच्या फॉर्मचं गणित

तिच्या फॉर्मवर मोजणीत धरले जाणारे आठ प्रश्न होते. खेळांची यादी, पीटीचा तास, जेवणाची सुट्टी, शाळा सुटल्यानंतर, संध्याकाळ, शनिवार-रविवार, 'पुढीलपैकी कोणतं वाक्य तुला लागू पडतं', आणि शेवटी आठवड्यातला एकेक वार. प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि आठांची सरासरी. एकापाशी निकाल म्हणजे अगदी बैठं पोर, पाचापाशी म्हणजे भिंगरी.

मेख पहिल्या प्रश्नात आहे. यादीतल्या प्रत्येक खेळासमोर 'नाही' म्हटलं की १ गुण, आठवड्यात एक-दोनदा खेळलं की २, आणि असं चढत जाऊन सात वेळा किंवा जास्त असेल तर ५. मग सगळ्या खेळांची सरासरी. हिशोबाला यादीत वीस ओळी धरा. एक मुलगी रोज कबड्डी खेळते, दुसरं काही नाही. तिचे ५ आणि उरलेल्या एकोणीस ओळींचे १९, म्हणजे २४ भागिले २०: १.२. दुसऱ्या मुलाने आठवडाभरात पाच वेगवेगळे खेळ एकेकदा दहा-दहा मिनिटं खेळून सोडून दिले. त्याचे पाच दुणे १०, अधिक १५. २५ भागिले २०: १.२५.

रोज घाम गाळणारी मागे आणि पाच ठिकाणी चव घेणारा पुढे!

फॉर्म बनवणारे लोक वेडे नव्हते. पुढचे सात प्रश्न ही चूक बरीच भरून काढतात; संध्याकाळच्या आणि वारांच्या प्रश्नांत कबड्डीवाली वर येते. यादीचा खरा उपयोग गुण देण्यापेक्षा आठवण जागी करण्याचा आहे. 'मागच्या आठवड्यात काय केलंस?' म्हटलं की पोरं 'काही नाही' म्हणतात. 'दोरीवरच्या उड्या मारल्यास?' म्हटलं की 'अरे हो' म्हणतात. पण म्हणूनच यादी त्या गावची हवी. ती बदलता येते आणि बऱ्याच देशांत संशोधकांनी आपापले खेळ घालूनच ती वापरली आहे. आपल्याकडे मात्र आइस हॉकीसकट झेरॉक्स निघते.

आणखी एक. या फॉर्ममधून मिनिटं निघत नाहीत, कॅलरी तर नाहीतच. '२.८ गुण' म्हणजे किती मिनिटं, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर समजा की गंडवतोय.

## "अहो, पोरं काहीही ठोकून देतात!"

ही शंका शिक्षकांकडून पहिली येते. देतात काही जण, पण थोडेच. मोठा घोळ प्रामाणिक पोरांचा असतो.

१९९५ साली अमेरिकेत ६ ते १० वर्षांच्या काही मुलांवर संशोधकांनी नजर ठेवली आणि दर तीन सेकंदांनी नोंद केली. जोरकस हालचालीचा एक झटका साधारण ३ सेकंदांचा निघाला. बहुतेक सगळे झटके १५ सेकंदांच्या आत संपत होते. पोरं अशीच खेळतात: धावलं, थांबलं, भांडलं, परत धावलं. आता या पोराला विचारा, काल किती मिनिटं खेळलास? तो सांगेल, 'एक तास.' मैदानावर तो तासभर होताच. त्यातली पंधरा मिनिटं 'आउट होता की नाही' यात गेली, हे त्याच्या हिशोबात कसं येणार? क्रिकेटमध्ये तर फिल्डिंगला बाउंड्रीवर उभं राहणंही खेळच.

म्हणूनच साधारण दहा वर्षांखालच्या मुलांना असले प्रश्न सहसा विचारत नाहीत, आईबाबांना विचारतात. पण आईबाबांना शाळेतल्या मधल्या सुट्टीत काय चालतं ते ठाऊक नसतं, आणि आपलं लेकरू आळशी आहे असं लिहायला हात धजत नाही.

मोठी मुलं आठवणीपेक्षा सवयीवरून उत्तर देतात. भाचीने मंगळवारासमोर 'खूप' अशी खूण केली. मी म्हटलं, "अगं, मंगळवारी पाऊस होता ना, प्रॅक्टिस रद्द झाली होती."

"हो गं! पण मंगळवारी असतेच ना आमची."

यात खोटं काही नव्हतं. तिने गेल्या मंगळवारबद्दल सांगायच्या ऐवजी सगळ्या मंगळवारांबद्दल सांगितलं. मी टोकलं नसतं, तर कागदावर तेच राहिलं असतं.

शिवाय शिकवण असते. 'खेळणं चांगलं' हे सगळ्यांनाच पाठ. फॉर्म पीटीच्या सरांनी वाटला असेल तर हात आणखी सैल सुटतो.

## 'घाम येईल इतकं' म्हणजे किती?

फॉर्मच्या वरच सूचना होती: हालचाल म्हणजे घाम येईल किंवा पाय थकतील असे खेळ आणि नाच, किंवा दम लागेल असे खेळ.

कॅनडाच्या जानेवारीत ही खूण चोख आहे. मुंबईच्या मे महिन्यात लोकलमध्ये नुसतं उभं राहून घाम फुटतो. नागपूरकरांबद्दल तर बोलायलाच नको. भाषांतर करणारा शब्दाला शब्द लावतो; शब्दामागची हवा कोण बदलणार?

जाणकार मंडळी त्यावर उपाय करतात. मराठीत आणलेला फॉर्म दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करवून घेतात आणि मुळाशी ताडून बघतात. मग आठ-दहा मुलांना तो मोठ्याने वाचायला लावतात आणि विचारतात, 'या प्रश्नातून तुला काय कळलं?' ही दुसरी पायरी वेळखाऊ, म्हणून बहुतेक तीच गाळली जाते. माझ्या मते फॉर्म खरा पास किंवा नापास होतो तो इथेच.

ऋतूचाही खेळ आहे. 'मागचे सात दिवस' गणपतीआधीचे असतील तर ढोल-पथकातली पोरं रोज दोन-दोन तास कमरेला ढोल बांधून उभी असतात. तेच सात दिवस सहामाहीचे असतील तर पोर खुर्चीला चिकटलेलं. एकाच मुलाचे दोन फॉर्म, दोन वेगळी मुलं.

## हंडा धरायचा की नाही?

'दहापैकी आठ' हा आकडा २०१९ साली 'द लॅन्सेट चाइल्ड अँड अ‍ॅडोलेसंट हेल्थ' या नियतकालिकातून आला. १४६ देश, २९८ शालेय सर्व्हे, ११ ते १७ वयाची सुमारे १६ लाख मुलं. २०१६ साली यातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती, असा निष्कर्ष. दक्षिण कोरियाची स्थिती सगळ्यात वाईट, ९४ टक्के. बांगलादेश सगळ्यात बरा, ६६ टक्के. भारत सुमारे ७४ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा बरा.

भारत आणि बांगलादेश बरे का, याचं संशोधकांनी सुचवलेलं संभाव्य कारण वाचून मी थबकले. मुलांच्या बाबतीत क्रिकेट. मुलींच्या बाबतीत घरकाम.

विहिरीवरून किंवा टँकरवरून दोन हंडे आणणारी मुलगी निश्चितच हालचाल करते, आणि तिच्या हृदयाला हंडा आणि डंबेल यातला फरक कळत नाही. पण गंमत पुढे आहे. शालेय सर्व्हेच्या प्रश्नाआधी हालचालीची उदाहरणं दिलेली असतात: धावणं, भरभर चालणं, सायकल, नाच, फुटबॉल. पाणी भरणं त्यात नाही. मग एखादी मुलगी हंडा हिशोबात धरेल आणि तिच्याच बाकावरची मैत्रीण 'ते तर काम आहे' म्हणून सोडून देईल. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवरून रोज चार किलोमीटर शाळेला येणाऱ्या आठवी-नववीतल्या मुलींनाही आपण 'व्यायाम' करतोय असं वाटत नाही. विचाराल तर म्हणतील, "छे, वेळच मिळत नाही."

हे प्रश्न खेळ आणि फुरसत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. ज्यांची हालचाल कामात दडलेली असते, ती पोरं त्यातून निसटतात, आणि कोण निसटलं हे फॉर्म सांगत नाही.

## मग सरळ यंत्रच बांधा ना

बांधतात. आणि धक्के बसतात. इंग्लंडच्या २००८ च्या आरोग्य सर्व्हेत प्रौढांना तोंडी विचारलं तेव्हा ३९ टक्के पुरुष आणि २९ टक्के स्त्रिया निकष पाळत होत्या. त्याच सर्व्हेतल्या काही जणांना यंत्र बांधलं तर आकडे आले ६ आणि ४. अमेरिकेत २००३-०४ साली मुलांना यंत्र बांधून पाहिलं: ६ ते ११ वयोगटातली ४२ टक्के मुलं निकषात बसली, त्यापुढच्या किशोरवयीनांमध्ये फक्त ८ टक्के.

पण म्हणून यंत्राला देव मानू नका. कमरेवरच्या यंत्राला सायकल जवळपास दिसत नाही, कारण कंबर हलतच नाही. पोहताना ते बरेचदा काढून ठेवतात. डोक्यावर भरला हंडा आहे की मोकळे हात आहेत, ते त्याला कळत नाही. आणि कबड्डीत कमरेला काही बांधून चढाई करून दाखवा!

शिवाय यंत्र देतं फक्त हिसक्यांचा आकडा. किती हिसक्यांपासून 'मध्यम' म्हणायचं, ही रेघ माणूसच ओढतो. रेघ खाली ओढली तर तीच पोरं जवळपास सगळी पास, वर ओढली तर जवळपास सगळी नापास. त्याच त्या नोंदींवर वर्षानुवर्षं वाद चालतात ते याच रेघेवरून. यंत्र हेही सांगत नाही की मूल कुठे होतं, कुणाबरोबर होतं आणि त्याला मजा आली का. ते विचारावंच लागतं.

## मग फॉर्म भरून घेण्यात काही अर्थ आहे का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, त्याच मुलाने आठवड्याने पुन्हा फॉर्म भरला तर उत्तर तेच येतं का? याला सातत्य म्हणू. दोन, ते उत्तर खरं आहे का? भिंतीवरचं घड्याळ रोज नेमाने दहा मिनिटं पुढे असेल तर सातत्य पूर्ण गुणांचं, वेळ चुकीची.

१५ वर्षांपुढच्यांसाठीची एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली बारा देशांत तपासली गेली. २००३ साली निकाल आले: सातत्य ०.८ च्या आसपास, यंत्राशी मेळ ०.३ च्या आसपास. (१ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे काहीच संबंध नाही.) मुलांची गोष्ट आणखी अवघड. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने मुलांसाठीच्या साठेक प्रश्नावल्या तपासल्या गेल्या. सातत्य आणि खरेपणा, दोन्हींत समाधानकारक ठरलेली एकही सापडली नाही.

तरीही मी फॉर्म फेकून द्या म्हणणार नाही. पुढे जाणाऱ्या घड्याळावरही 'आज कालपेक्षा उशीर झाला' हे कळतंच. तोच प्रश्न, तीच भाषा, तोच महिना ठेवून दर काही वर्षांनी विचारलं तर मुलं जास्त बसायला लागली का, नववीनंतर मुलींचं मैदान सुटतं का, हे दिसतं. गट मोठा असेल तर एकाचं फुगवणं आणि दुसऱ्याचं विसरणं काही प्रमाणात एकमेकांना खाऊन टाकतं. सगळेच एका दिशेला फुगवत असतील तर मात्र नाही.

एकेका मुलावर शिक्का मारायला हा फॉर्म चालत नाही. आणि एखाद्या अभ्यासात 'हालचालीचा नि आरोग्याचा संबंध आढळला नाही' असं आलं, तर आधी हालचाल कशी मोजली ते बघा. फूटपट्टी रबराची असेल तर असलेला संबंधही पुसट होतो.

## ८१ टक्के खरे की खोटे?

व्याख्येने खरे. त्या अभ्यासात 'पुरेशी' म्हणजे दररोज, सातही दिवस, ६० मिनिटं. भाचीचंच घ्या. सहा दिवस दीड तास म्हणजे ५४० मिनिटं, रविवारी अर्धा तास, एकूण ५७०. सरासरी रोजची ८१ मिनिटं. पण प्रश्नाला तिचं प्रामाणिक उत्तर '६ दिवस', म्हणून ती त्या ८१ टक्क्यांत जमा. सोललेल्या गुडघ्यांसकट.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपलं वाक्य बदललं. 'दररोज किमान ६० मिनिटं'च्या जागी 'आठवडाभराची सरासरी रोज ६० मिनिटं' आलं. पोरांनी काहीही न करता, एका वाक्याने तिच्यासारखी कितीतरी मुलं इकडून तिकडे जातात. याचा अर्थ पोरं भरपूर खेळतायत असा नाही. यंत्रांचे आकडेही किशोरवयात मोठी घसरण दाखवतात. चिंता खरी आहे. दशांश चिन्हापर्यंतचा नेमकेपणा तेवढा उसना आहे.

## घरी फॉर्म आला तर

भरू द्या. शेजारी बसलात तर उत्तरं सांगू नका; वार आठवायला तेवढी मदत करा. सोमवारी काय होतं, डबा काय होता, पाऊस होता का. डब्यावरून दिवस आठवतो आणि दिवसावरून खेळ. काही प्रश्नावल्या याच तत्त्वावर बेतलेल्या आहेत: कालचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत भरायचा. सबंध आठवड्याच्या ढोबळ अंदाजापेक्षा ते पोरांना सोपं जातं.

भाचीच्या फॉर्मवर शेवटी एक नववा प्रश्न होता, त्याला गुण नाहीत. मागच्या आठवड्यात तू आजारी होतीस का, किंवा नेहमीची हालचाल करण्यात काही आडवं आलं का? असल्यास काय? वेगळा गेलेला आठवडा ओळखता यावा, एवढ्यासाठी तो असतो. तिने 'हो'वर खूण केली आणि जरा विचार करून लिहिलं: 'पीटीच्या दोन्ही तासांना गणिताचे सर आले.'